सत्तेचाळीस ताटल्या

मागणी अठ्ठेचाळीसची होती.
स्वानेकेच्या बंदरावरच्या हॉटेलाला
ईस्टरच्या आत हव्या होत्या, राखाडी, बिननक्षीच्या.
चोवीस भट्टीत, चोवीस फळीवर
ग्लेझ अंगावर वाळवत,
आणि डेनिझला ताप.

डेनिझ म्हणजे समुद्र, माझ्या भाषेत.
शाळेत त्याला डेनिस म्हणतात,
तोही हल्ली ओ देतो.
ताप चढला की मात्र पाणी तुर्कीत मागतो:
सू, सू.
अस्गर रात्रपाळीला, फेरीबोटीवर,
स्वीडनच्या अलीकडे की पलीकडे कोण जाणे.

म्हणून ग्रेठेला बोलावलं. नाइलाजानं.
नऊ वर्षं आम्ही एकमेकींना
पालथे घडे वाटत आलोय,
ओता किती ओतायचं ते.
ती माझ्या चहाला 'कडक' म्हणते,
मी तिच्या धुरातल्या माशांना 'छान'.
डेनिझ तिला फारमोर म्हणतो.
माझ्या माहेरी बाबाआन्ने म्हणाला असता.
दोन्हींचा अर्थ एकच, बापाची आई.
मला वगळून नातं लावणं
दोन्ही भाषांना छान जमतं.

ती आली, ओल्या बुटांनी, विणकाम घेऊन.
पोराच्या कपाळावर घडी ठेवली,
आणि अकराच्या सुमारास
खाली शेडमध्ये येऊन उभी राहिली.
मी भट्टीच्या भोकाला डोळा लावलेला.
अकराशे ऐंशी. अजून साठ चढायचे होते.
कानाला फोन, फोनवर आई, कुताह्याहून:
बैरामला येताय का,
पोराची सुंता कधी,
आणि तुझ्या ताटल्यांवर एक ट्युलिपसुद्धा का नसतं?
आमच्या घरात पांढरी जागा सोडणं म्हणजे आळस.
इथले लोक रिकामी जागाच विकत घेतात गं आई,
म्हटलं, आणि फोन ठेवला.

काय म्हणत होती? ग्रेठेनं विचारलं.
फुलं काढ म्हणते.

ती फळीपाशी गेली.
'रोन्नेच्या कारखान्यात मी अकरा वर्षं काठ रंगवले,'
म्हणाली, बाहेर वारा सुटलाय म्हणावं तसं.
फक्त काठ. निळी रेघ. दिवसाला दोनशे.
अस्गरलाही ठाऊक नसावं.
मी तरी कधी विचारलं होतं?

मी कोबाल्ट घोटलं.
तिच्या हातात बाबांचा ब्रश दिला,
गाढवाच्या आयाळीचा,
जो मी इथे आणला आणि कधी भिजवला नाही.
तिचा हात थरथरत होता,
सूप पिताना थरथरतो तसाच.
मग तिनं ब्रश काठावर टेकवला, आणि हलवलाच नाही.
डाव्या हातानं चाक फिरवलं, सावकाश.
रेघ आपण ओढायची नसते, म्हणाली,
भांड्याला ओढू द्यायची.

रेघ फिरून आली
आणि सुरुवातीला भेटता भेटता
केसभर चुकली.
ग्रेठे दातांत काहीतरी पुटपुटली,
शिवी असावी.
नऊ वर्षांतली पहिली.

भाजण्याआधी कोबाल्ट काजळीसारखं दिसतं.
आम्ही दोघी त्या काळ्या रेघेकडे बघत बसलो,
निळ्याची ओळख असलेल्या.

वरून हाक आली, सू.
मी उठायच्या आत ती जिन्यावर होती.
नळ वाहिला.
मग एकच अक्षर, डॅनिश वळणाचं, लांबलेलं:
सूऽऽ?
आणि पोराचं हसू, तापातलं, चिरकं.

हॉटेलवाल्याला लिहिलं, एक कमी आहे, पैसे कापून घ्या.
फुटली का, त्यानं विचारलं.
नाही, म्हटलं.

आता तिच्यावर शुक्रवारी हेरिंग असतं,
कधी माझं पालकाचं बोरेक.
डेनिझ रेघ चुकली तिथून
खायला सुरुवात करतो.

आईला फोटो पाठवला.
बराच वेळ काही नाही.
मग उत्तर आलं:
हात चांगला आहे बाईचा.
पण फूल?